काट्याने काटा : कर्करोगावरील विषाणू, औषध आणि त्यांचा हिशेब

नल्लकुंट्यातील जुन्या रहिवाशांच्या तोंडी अजून 'कोरंटी दवाखाना' हेच नाव आहे. 'क्वारंटाईन' ह्या परक्या शब्दाला आपल्या लोकांनी घासूनपुसून दिलेले हे रूप. साथीच्या रोग्यांना वस्तीपासून निराळे ठेवण्यासाठी १९१५ साली हा दवाखाना निघाला, पुढे तो नल्लकुंट्यात आला, आणि त्याला सर रोनाल्ड रॉस ह्यांचे नाव देण्यात आले. ('फीव्हर हॉस्पिटल' हे तिसरे नाव रिक्षावाल्यांच्या सोयीचे.) ह्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेगमपेठेत, रॉस ह्यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि १९०२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, हे शाळेतील मुलेही सांगतील. परंतु रॉस हौशी गणिती होते, आणि डासाच्या शोधाइतकेच आपल्या गणिताचेही त्यांस मोल वाटे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते.

हिवताप घालवावयाचा तर देशातील शेवटचा डास मारला पाहिजे, असे त्या काळी पुष्कळांस वाटे, आणि ते अशक्य म्हणून हात जोडून बसण्याकडे कल होता. रॉस ह्यांनी समीकरणे मांडून दाखविले की सर्व डास मारण्याची गरज नाही. एका रोग्यापासून डासांमार्फत सरासरी एकाहून कमी नवे रोगी होऊ लागले, की साथ आपोआप विझत जाते. म्हणजे डासांची संख्या एका ठराविक उंबरठ्याखाली नेली की पुरे. १९१० साली निघालेल्या त्यांच्या हिवताप-निवारणावरील ग्रंथात व त्याच्या पुढील आवृत्तीत हा विचार आलेला आहे. ह्या उंबरठ्याच्या कल्पनेवरच आमचा आजचा विषय उभा आहे. फरक इतकाच की रॉस ह्यांना साथ विझवावयाची होती आणि आज काही शास्त्रज्ञांना साथ लावावयाची आहे. साथ माणसांत नव्हे, तर कर्करोगाच्या गाठीत.

कर्करोग हे नाव आपल्यापैकी कोणाच्या घरी ऐकू आले नसेल असे घर आता विरळा. रोग्याचे नातेवाईक रेड हिल्सवरील मेहदी नवाज जंग रुग्णालयाच्या किंवा मुंबईस टाटा रुग्णालयाच्या ओसरीत बसलेले असतात, आणि कोणीतरी वर्तमानपत्राचे कात्रण किंवा फोनवर आलेला मजकूर पुढे करतो : 'आता कर्करोगावर विषाणूचे इंजेक्शन निघाले आहे.' ह्यात खरे किती, आशा धरावी किती आणि डॉक्टर 'थांबा' म्हणतात ते का, हे समजण्यास थोडे गणित उपयोगी पडते. ते गणित बेरीज-गुणाकारापलीकडचे नाही. वाचकांनी पेन्सिल-कागद घेऊन बसावे, म्हणजे झाले.

विषाणूने कर्करोग हटतो ही कल्पना काल-परवाची नाही. १९०४ साली अमेरिकेतील डॉक्टर जॉर्ज डॉक ह्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या एका स्त्री-रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. तिला इन्फ्ल्यूएन्झासारखा ताप आला आणि काही काळ मूळ रोग ओसरला. १९७१ साली युगांडातून अशीच एक हकीकत आली. बर्किट लिंफोमा नावाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका मुलाला गोवर निघाला आणि त्याची गाठ वितळली. आपल्याकडे गोवर म्हटले की कडुलिंबाचा पाला आठवतो. गोवर हे औषध होईल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. पण एक-दोन हकीकतींवर वैद्यक उभे राहत नाही. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी निरनिराळे विषाणू मुद्दाम रोग्यांस टोचून पाहिले. काहींच्या गाठी थोड्या दिवसांसाठी आकसल्या, काहींस मेंदूज्वर झाला, आणि बहुतेकांचा रोग पुन्हा वाढला. हा मार्ग जवळपास सोडून देण्यात आला.

तो पुन्हा उघडला १९९१ साली. विषाणूतील एखादा गुणधर्म काढून टाकून त्याला निरोगी पेशींत निरुपद्रवी आणि कर्करोगाच्या पेशींत मारक करता येते, हे ओठावर जर उठविणाऱ्या हर्पिस विषाणूवर मार्टुझा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. कर्करोगाची पेशी वाढीच्या नादात आपली दारे-खिडक्या उघड्या टाकते. विषाणू शिरला असता धोक्याची घंटा वाजविण्याची निरोगी पेशीची जी व्यवस्था असते, ती हिच्यात पुष्कळदा मोडलेली असते. म्हणून पंगू केलेला विषाणू येथे मात्र पोसला जातो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो. पुढे २००५ साली चीनने डोके व मानेच्या कर्करोगासाठी एका अ‍ॅडिनोविषाणूला रासायनिक औषधांच्या जोडीने मान्यता दिली. २०१५ साली अमेरिकेने त्वचेच्या मेलॅनोमा ह्या कर्करोगासाठी 'टी-व्हेक' नावाच्या हर्पिस विषाणूला, आणि २०२१ साली जपानने मेंदूच्या गाठीसाठी आणखी एका हर्पिस विषाणूला अटींवर मान्यता दिली.

आता गणिताकडे वळू.

गोळी घेतली की पोटात जाते तितकीच राहते, हळूहळू कमी होते आणि संपते. विषाणू हे असे औषध आहे की जे शरीरात गेल्यावर वाढू शकते, किंवा मुळीच न वाढता नाहीसेही होऊ शकते. म्हणून 'किती दिले' ह्यापेक्षा 'एकाचे किती झाले' हा प्रश्न मोठा. समजा, एक बाधित पेशी फुटली आणि तिच्यातून १०० विषाणू बाहेर पडले. त्यांतील पुष्कळसे रक्तातून वाहून गेले, काही शरीराच्या रक्षक पेशींनी गिळले, काही गाठीतील चिवट तंतूंत अडकले. ४ मात्र नव्या कर्कपेशींत शिरले. तर एका बाधित पेशीपासून ४ झाल्या. हा '४' आकडा म्हणजे गुणक. तो १ पेक्षा जास्त असेल तर गाठीत साथ पसरते, कमी असेल तर कितीही मोठा डोस द्या, ती विझते. रॉस ह्यांचा उंबरठा तो हाच.

मग गुणक वाढवावयाचा कसा? कोणीही म्हणेल, जो विषाणू पेशीला लवकर मारतो तो चांगला. येथे हिशेब आपल्या अंदाजाला धक्का देतो. समजा, विषाणू पेशीत रोज १० पिले घालतो, ती पेशी मरते तेव्हा सर्व बाहेर पडतात, आणि १०० पैकी ४ पिलांना नवे घर मिळते. पेशीला २ दिवसांत मारणारा विषाणू २० पिले सोडील. त्याचा गुणक ०.८. म्हणजे हा जहाल विषाणू आपलेच घर घाईने जाळून स्वतःही संपणार. ५ दिवस थांबणारा ५० पिले सोडील, गुणक २. मग ३० दिवस थांबणारा तर ३०० पिले सोडील, गुणक १२, तो सर्वांत उत्तम नव्हे काय? नव्हे. ५ दिवसांत दुप्पट होणारा विषाणू ३० दिवसांत सहा वेळा दुप्पट होतो, म्हणजे ६४ पट. महिनाभर आळसावणारा तोवर कसाबसा १२ पट झालेला असतो, आणि गाठ मधल्या काळात आपली वाढतच असते. तेव्हा जहालपणाचे एक मध्यम माप आहे. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे गेले की काम बिघडते. डॉमिनिक वोडार्झ ह्या गणिती जीवशास्त्रज्ञाने २००१ साली समीकरणे मांडून नेमके हेच दाखविले होते. आमचा हिशेब त्याचीच ढोबळ घरगुती आवृत्ती समजावी.

ह्या समीकरणांना 'गणिती प्रतिमान' म्हणतात. शिंपी कापड फाडण्यापूर्वी कागदावर माप उतरवून घेतो, तसेच हे. कापड महाग, कागद स्वस्त. येथे कापड म्हणजे रोग्याचा देह आहे.

ह्या प्रतिमानांचे घराणे शोधीत गेले की आपण पुन्हा आपल्याच मुलखात येतो. रॉस ह्यांच्या प्रभावाखाली आलेले मॅकेंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते प्रमुख होते. पुढे एडिंबरोस गेल्यावर त्यांनी केर्मॅक ह्या रसायनशास्त्रज्ञाबरोबर, ज्याची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात गेली होती, १९२७ साली साथींवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात आपले सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबईच्या प्लेगचे : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ ह्या काळात दर आठवड्यास झालेल्या मृत्यूंचे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने ज्या प्लेगपायी गावे सोडून माळावर झोपड्या बांधल्या, त्याच प्लेगच्या मृत्यूंचा आलेख आज जगभर ह्या विषयाच्या पहिल्या धड्यात दिसतो.

त्या निबंधातील एक निष्कर्ष येथे फार महत्त्वाचा. साथ थांबते ती सर्व माणसे आजारी पडून संपल्यामुळे नव्हे. रोग जडू शकेल अशी माणसे विरळ झाली की गुणक १ खाली येतो, आणि काही माणसे अस्पर्श राहूनच साथ विझते. माणसांच्या बाबतीत ही देवाची दया म्हणावी. गाठीच्या बाबतीत मात्र हाच घात आहे, कारण वाचलेल्या थोड्या कर्कपेशीही पुन्हा गाठ उभी करतात. विषाणू एकटा बहुधा पुरा पडत नाही तो ह्यामुळे, आणि म्हणून औषधाची जोड हवी.

ही जोड देताना क्रम चुकला तर काय होते, ते पाहू. समजा, गाठीत १० लाख पेशी आहेत. विषाणूने पहिल्या दिवशी १,००० पेशी बाधित केल्या, आणि आरंभीचा गुणक ४ आहे. हाताशी असे औषध आहे की जे एका तडाख्यात १० पैकी ९ पेशी मारते आणि उरलेल्या दहाव्या हिश्श्याला त्याचा उपयोग होत नाही. (रासायनिक औषधाला दाद न देणाऱ्या पेशी गाठीत असतात, हे तर सर्वांस माहीत आहेच.) गाठीची वाढ ह्या हिशेबात सोयीसाठी सोडून देऊ.

प्रथम दोन्ही एकदम देऊन पाहू. औषधाने १० लाखांच्या १ लाख केल्या. वरवर पाहता मोठा विजय. पण त्या तडाख्यात १,००० बाधित पेशींच्याही १०० झाल्या, कारण औषधाला शत्रू आणि आपला हेर ह्यांतला फरक कळत नाही. शिवाय पेशी दहापट विरळ झाल्यामुळे विषाणूला शेजार मिळेना. गुणक ४ चा ०.४ झाला. आता बाधित पेशी १०० च्या ४०, ४० च्या १६, १६ च्या ६ होत साथ संपली. उरल्या जवळजवळ १ लाख पेशी, आणि त्या सर्व औषधाला न जुमानणाऱ्या. विषाणू दिला काय नि न दिला काय, सारखेच.

आता आधी विषाणू देऊन वाट पाहू. पहिल्या पिढीस १,००० च्या सुमारे ४,००० बाधित होतात, दुसऱ्या पिढीस १६,०००, तिसऱ्या पिढीस ६३,०००. (६४,००० का नाहीत? कारण निरोगी कर्कपेशी थोड्या कमी झाल्या आहेत. तितकी काटछाट केली आहे.) चौथ्या पिढीस २,३१,००० आणि पाचव्या पिढीस ६,३३,०००. तोवर अस्पर्श पेशी ५२,००० उरल्या. त्यापुढे साथ उतरणीस लागते. केर्मॅक-मॅकेंड्रिक ह्यांच्या मूळ सूत्राने, म्हणजे पिढ्यांचे टप्पे न धरता सलग हिशेब केला, तर गुणक ४ असताना शेवटी शेकडा २ पेशी वाचतात. १० लाखांत २०,०००. साथ सरल्यावर आता औषध द्या : २०,००० च्या २,००० झाल्या. तीच गाठ, तोच विषाणू, तेच औषध, तितकाच डोस. एका क्रमाने १ लाख उरतात, दुसऱ्या क्रमाने २ हजार.

विचारी वाचक येथे आम्हांस थांबवील. 'पेशी विरळ झाल्या म्हणजे विषाणूला शेजार मिळत नाही, हे तुम्ही गृहीत धरलेत. उरलेल्या पेशी एकमेकींना चिकटून लहान-लहान पुंजके करून राहिल्या तर?' शंका रास्त आहे. तसे झाले तर पहिल्या क्रमातही विषाणूचा गुणक तितका पडणार नाही आणि दोन क्रमांतील अंतर कमी होईल. कोमारोवा व वोडार्झ ह्यांनी २०१० साली ह्याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. विषाणू गाठीत कसा पसरतो ह्याविषयी काय गृहीत धरले, त्यावर उत्तर पुष्कळ अवलंबून राहते, असे त्यांस दिसून आले. प्रतिमानाचा निम्मा जीव त्याच्या गृहीतांत असतो. म्हणून नुसते उत्तर ऐकून माना डोलावणाऱ्यांपेक्षा आमच्या मते असा शंका काढणारा वाचक अधिक उपयोगाचा.

दुसरी आणि अधिक अवघड गोष्ट म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती. वरील हिशेबात आम्ही तिला बाहेर बसविले होते. प्रत्यक्षात ती बसत नाही. विषाणू आला की काही तासांत पहिली फळी धावते, आणि आठवड्या-दीड आठवड्यात त्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी व प्रतिद्रव्ये तयार होतात. आमच्या कोष्टकातील साथ तिसऱ्या पिढीसच थांबली, तर ९ लाखांहून अधिक पेशी अस्पर्श उरतात. मग प्रतिकारशक्ती थोडा वेळ दडपून ठेवावी काय? सायक्लोफॉस्फामाइड हे जुने, आपल्या रुग्णालयांतही नेहमी वापरले जाणारे औषध तसे करू शकते. मेंदूतील गाठी असलेल्या उंदरांवर हर्पिस विषाणू आणि हे औषध देऊन केलेल्या प्रयोगांचे आकडे घेऊन २००६ साली अव्नर फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समीकरणे मांडली. निष्कर्ष असा निघाला की औषधाने विषाणूला थोडी उसंत मिळते खरी, पण एका पेशीतून बाहेर पडणाऱ्या विषाणूंची संख्याच तुटपुंजी असेल तर तेवढ्याने गाठ जाणार नाही; विषाणूच अधिक प्रसवणारा हवा. म्हणजे औषधाचा डोस वाढवीत बसण्यात अर्थ नाही, विषाणू बदला, हे कागदाने सांगितले. असे उत्तर उंदरांवर एकेक प्रयोग करून काढावयाचे तर कितीतरी काळ आणि पैसा लागता.

परंतु प्रतिकारशक्तीची दुसरीही बाजू आहे. चोराच्या मागे आलेले पोलीस घरात शिरले की तेथे लपलेला दुसरा गुन्हेगारही त्यांच्या नजरेस पडतो. विषाणूने फोडलेल्या कर्कपेशींचे अवशेष रक्षक पेशींना दिसतात, आणि त्या कर्करोगालाच ओळखू लागतात. टी-व्हेक ह्या विषाणूत तर रक्षक पेशींना हाक मारणारे एक जनुक मुद्दाम घातलेले आहे. त्याचा डोस देण्याची पद्धतही पाहण्याजोगी आहे. पहिल्या खेपेस मिलिलिटरमागे १० लाख इतकाच सौम्य विषाणू टोचतात. तीन आठवडे थांबून मग १० कोटींचा, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी तितकाच. ज्यांच्या शरीरास हर्पिसची ओळख नाही त्यांची आधी ओळख करून द्यावयाची, हा त्यातला हेतू. 'पहिल्याच दिवशी भरपूर का देत नाहीत?' असे विचारणाऱ्यास हे उत्तर आहे.

मग ह्या मार्गाने जाऊन पदरात काय पडले? टी-व्हेक एकट्याने ४३६ रोग्यांच्या चाचणीत शेकडा १६ जणांच्या गाठी सहा महिने वा अधिक काळ निदान निम्म्यावर आणून ठेवल्या. तुलनेच्या औषधाने शेकडा २ जणांच्या. ह्यानंतर प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब ह्या औषधाशी त्याची जोड लावली गेली. पहिल्या, अवघ्या २१ रोग्यांच्या चाचणीचे फळ २०१७ साली प्रसिद्ध झाले : शेकडा ६२ जणांच्या गाठी आकसल्या. वर्तमानपत्रांत मथळे आले. मग ६९२ रोग्यांची मोठी चाचणी झाली. त्यात निम्म्यांना औषधाबरोबर विषाणू आणि निम्म्यांना औषधाबरोबर निर्जीव द्रव, आणि कोणाला काय हे रोग्यासही ठाऊक नाही व डॉक्टरासही नाही, अशी व्यवस्था होती. २०२३ साली तिचा पूर्ण वृत्तांत प्रसिद्ध झाला. रोग पुन्हा न वाढता गेलेला काळ एका गटात मध्यमानाने सुमारे १४ महिने, दुसऱ्यात साडेआठ. पण सर्व रोग्यांचा काळजीपूर्वक हिशेब करता हा फरक योगायोगाने पडला नसेल असे ठामपणे म्हणता येईना, आणि आयुर्मानातही लाभ सिद्ध झाला नाही. चाचणी अयशस्वी ठरली.

२१ रोग्यांवरून ६९२ रोग्यांचे भाकीत करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. भात एका पातेल्यातला असतो म्हणून ती म्हण चालते. येथे प्रत्येक रोगी निराळ्या चुलीवरचा. प्रतिमानांनी हे अपयश आधी सांगितले होते काय? नाही. आणि ज्यांना ह्या विषयाचे प्रेम आहे त्यांनी हे झाकू नये. मुंबईच्या प्लेगचा आलेख केर्मॅक-मॅकेंड्रिक ह्यांच्या सूत्राशी सुंदर जुळला होता, पण प्लेग माणसाकडून माणसाला जाणाऱ्या रोगाप्रमाणे पसरतच नव्हता. तो उंदीर आणि पिसवांमार्फत पसरत होता. त्या निबंधाच्या कर्त्यांनाही ही अडचण ठाऊक होती. आकडे जुळले म्हणजे कारण सापडलेच, असे नाही. गाठीच्या प्रतिमानात गुणक कोठून आणावयाचा, पेशी किती दिवसांत दुप्पट होते, विषाणू रक्तातून किती वेगाने नाहीसा होतो, हे आकडे मोजूनच मिळवावे लागतात. बरेचसे काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवरून घेतलेले असतात, आणि काचेची बशी म्हणजे माणूस नव्हे.

तरीही बशीवाचून चालत नाही. आपल्या देशात ह्या बशीची सोय करणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे ह्यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या ह्या विदुषी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हाताखाली तयार झाल्या. शरीराबाहेर पेशी वाढविण्याची भारतातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी तेथे उभी केली, आणि उंदरांतील स्तनाचा कर्करोग व विषाणू ह्यांचा संबंध अभ्यासिला. १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. त्यांच्या काळी विषाणू हा कर्करोगाचा संशयित आरोपी होता. आज त्यालाच शिपाई करण्याचा खटाटोप चालला आहे.

आता घरातल्या माणसांसाठी. विषाणूच्या नावाने फसगतही होऊ शकते, आणि तिचे एक सरकारदरबारी नोंदलेले उदाहरण आहे. युरोपातील लाटव्हिया देशात 'रिग्विर' नावाचे विषाणू-औषध २००४ साली नोंदले गेले. परदेशांतूनही रोगी त्यासाठी जात. २०१९ साली तेथील औषध-नियंत्रकांनी तपासणी केली, तेव्हा कुप्यांतील विषाणूंची संख्या वेष्टनावर लिहिल्यापेक्षा फारच कमी आढळली, आणि त्याचे वितरण थांबविण्यात आले. वाढणाऱ्या औषधातही आरंभीचा आकडा किती मोलाचा, हे वरच्या कोष्टकात आपण पाहिलेच.

ह्यास्तव कोणी 'विषाणूचे इंजेक्शन देतो' म्हणाले, तर चार गोष्टी विचाराव्यात. कोणता विषाणू आणि कोणत्या कर्करोगासाठी? मेलॅनोमावर मान्यता मिळालेला विषाणू जठराच्या कर्करोगावर चालतोच असे नाही. बरोबर कोणते औषध, आणि कोणते आधी? चालू असलेले उपचार थांबवावयास सांगत आहेत काय? सांगत असतील तर आपल्या नेहमीच्या कर्करोगतज्ज्ञास विचारल्यावाचून एक पाऊलही टाकू नये. आणि ही मान्य झालेली चिकित्सा आहे की चाचणी? चाचणी असण्यात कमीपणा काही नाही, कारण मान्य झालेले प्रत्येक औषध एकेकाळी चाचणीतच होते. मात्र आपल्या देशात २००९ पासून अशा चाचण्यांची भारतीय चाचणी-नोंदवहीत, म्हणजे 'सीटीआरआय'मध्ये, नोंद सक्तीची आहे. ती नोंदवही कोणासही विनामूल्य पाहता येते. रुग्णालयाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि रोग्याला समजेल अशा भाषेत सर्व सांगून लेखी संमती घ्यावी लागते. नोंदणीचा क्रमांक मागावा. घरातील कॉलेजात जाणारी मुले तो शोधून पाच मिनिटांत वाचून दाखवितील. संमतीपत्रक फक्त इंग्रजीत पुढे केले, तर ते मराठी, तेलुगू किंवा उर्दू, जी आपली भाषा असेल तीत मागावे. घरी नेऊन सावकाश वाचण्यास वेळ मागावा, आणि सही त्यानंतर करावी.